गुप्त्यांची विलायती हिरवळ

सकाळपासून चंद्राबाईंना वरवंटा सापडत नव्हता. पाटा जागच्या जागी होता, त्यावर खोबरं आणि मिरच्या काढून ठेवलेल्या होत्या, आणि वरवंट्याचा मात्र पत्ता नव्हता. शोधत शोधत त्या माजघरात आल्या. तिथे जमिनीवर एक भला मोठा निळा नकाशा पसरला होता. त्याच्या एका कोपऱ्यावर वरवंटा होता, दुसऱ्यावर पाण्याचा तांब्या, तिसऱ्यावर समई आणि चौथ्यावर स्वतः दिगंबरराव गुप्ते बसले होते.

"जरा उठलात तर वरवंटा नेईन म्हणते," चंद्राबाई म्हणाल्या.

"मी उठलो तर पाताळगंगा गुंडाळली जाईल," दिगंबरराव म्हणाले.

त्या दिवशी गुप्त्यांकडे चटणी झाली नाही. पुढे जे काही घडलं त्याच्या मानाने हे नुकसान किरकोळच होतं.

दिगंबररावांनी पुण्याला बांधकाम खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले होते. पूल काढले, चौक्या काढल्या, साहेब लोकांचे बंगले काढले, आणि प्रत्येक नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात कुठल्या ना कुठल्या इंजिनियरने सही केली. दिगंबररावांची सही फक्त पगाराच्या पत्रकावर होत असे. पेन्शन घेऊन ते खालापूरला घरी आले तेव्हा आपल्या हातची एक तरी रेघ, आपल्या नावाने, जमिनीवर उतरलेली पाहावी एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात उरली होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. मला ती कशी कळली, ते पुढे येईलच.

संधी चालून आली ती १९२७च्या चैत्रात. जुन्या पेठेखालचा पाताळगंगेचा काठ ही सरकारी पडीक जमीन. तिथे एक मोडका काळ्या दगडाचा घाट आहे, करंजाखाली पार आहे, बायकांचे धुण्याचे दगड आहेत, गुरं पाण्यावर उतरायची वाट आहे आणि डोंगरातून मोळ्या घेऊन येणाऱ्या ठाकरणी जिथे डोक्यावरचं ओझं टेकवतात तो उंच धोंडा आहे. खोपोलीला वीजघर झाल्यापासून नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, त्यामुळे काठाला बारा महिने राबता. हा सगळा काठ लडकूशेट नावाच्या व्यापाऱ्याने कोळशाच्या वखारीसाठी मागितला. महालकऱ्यांनी, म्हणजे खालापूर महालाच्या अंमलदारांनी, गावाला बोलावून सांगितलं की प्रांतसाहेब ज्येष्ठात जागा बघायला येणार आहेत. जागा गावाच्या उपयोगाची आहे असं त्यांना दिसलं तर ठीक, नाहीतर वखारीचा अर्ज मंजूर होईल.

मारुतीच्या देवळात सभा भरली. धुण्याचे दगड जाणार म्हणून बायका खवळल्या होत्या, गुरांची वाट जाणार म्हणून कुळवाडी खवळले होते, आणि काय करायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. अशा वेळी दिगंबरराव उभे राहिले. त्यांनी सांगितलं की पुण्यात, मुंबईत, जिथे जिथे साहेब राहतो तिथे तिथे त्याला हिरवळ लागते. इंग्रजाला हिरवळ दिसली की त्याला ती जागा कोळशाला देववत नाही. आपण काठावर सार्वजनिक उद्यान करू. मधोमध अर्धचंद्राकृती हिरवळ, दोन बाजूंनी वाटा, बसायला बाकं आणि घाटाला नव्या पायऱ्या. लोकांना यातलं फारसं कळलं नाही, पण बोलणारा माणूस पुण्याला राहून आलेला होता आणि त्याच्या हातात निळा कागद होता. सभेने मान डोलावली.

दिगंबररावांनी सागाच्या दीडशे खुंट्या करून घेतल्या आणि चार दिवस उन्हात उभं राहून, दोरी लावून, सगळा नकाशा जमिनीवर उतरवला. खुंट्यांना नंबर घातले. सुताराकडून नमुन्याचं एक बाकडंही करून घेतलं. मग हिरवळीची जमीन करायला त्यांनी पदूला बोलावलं. पदू हा पंचक्रोशीतला नावाजलेला भातवाला. त्याच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत, आणि ते खरंही होतं.

"पदू, मी बी आणायला पुण्याला जातोय," दिगंबरराव म्हणाले. "या अर्ध्या चंद्रात बी पेरायचंय. आठ दिवसांत जमीन तयार करून ठेव. एक काडी उगवली नाही असं होता कामा नये."

"नाय व्हनार, भाऊ," पदू म्हणाला. "तुमी निर्धास्त जावा."

आता, बी पेरायला जमीन तयार कर म्हणून पाताळगंगेच्या खोऱ्यातल्या माणसाला सांगितलं की तो काय करील, हे खोऱ्यात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तो राब भाजतो. शेणी, पालापाचोळा, फांद्या, गवत असे थर रचायचे, वर माती लोटायची आणि वाऱ्याच्या तोंडाकडून पेटवून द्यायचं. त्या राखेत रोप असं तरारून येतं की बघत राहावं. दिगंबररावही याच खोऱ्यात जन्मले होते. पण एकतीस वर्षं कागदावर काढल्यावर माणूस काय काय विसरतो याची त्यांनाच कल्पना नव्हती.

ते परतले तेव्हा काठावर काळाशार अर्धा चंद्र पडलेला होता. त्याच्याभोवती पदूने दोरीच्या कडेने हातभर उंचीचा सुबक बांध घातला होता. नकाशावरची गोलाई अगदी तशीच्या तशी उतरली होती. बाकी सगळं सपाट होतं.

"खुंट्या कुठायत?" दिगंबररावांनी विचारलं.

"झकास पेटल्या, भाऊ," पदू म्हणाला. "सुका साग. पाला वलसर हुता, खुंट्या व्हत्या म्हनून राब धरला. बाकडा मातर ठेवला, त्याच्यावर बायका धुनं वाळत घालतात."

दिगंबरराव पारावर बसले. दीडशे खुंट्या, नंबरांसकट. वाटा गेल्या, पायऱ्या गेल्या, फुलांचे वाफे गेले. पण पदू इतक्या आनंदाने राखेकडे बघत होता की त्यांना त्याच्यावर रागावता आलं नाही. एक हिरवळ साधली तरी पुरे, असं त्यांनी मनाला समजावलं आणि पिशवीतून पुण्याहून आणलेला पत्र्याचा डबा काढला. डब्यावर पांढऱ्या झग्यातली एक मडम हिरवळीवर बसून चहा पीत असलेलं चित्र होतं. हे विलायती गवताचं बी आहे, जपून पेर, उद्याच पेर, असं सांगून त्यांनी डबा पदूच्या हवाली केला. स्वतः थांबले असते तर पुढचं टळलं असतं. पण त्यांना पुण्याच्या प्रवासात उन्हाचा ताप भरला होता, आणि चंद्राबाईंनी त्यांना दोन दिवस उठू दिलं नाही.

पदूने डबा घरी नेला. बी पेरण्याआधी जे करायचं तेच त्याने केलं, म्हणजे मोठ्या घंगाळात पाणी घेऊन त्यात ते ओतलं. सकस बी तळाला बसतं, पोचट वर तरंगतं, हे त्याच्या सात पिढ्यांना माहीत. विलायती बी सगळंच्या सगळं वर आलं. पदूने हाताने ढवळलं, थोडा वेळ वाट पाहिली, पुन्हा ढवळलं. एक दाणा बुडेना.

त्याची बायको सोनुबाई शेजारी उभी होती. "भाऊंना फसवलानी गं कुनीतरी," पदू तिला म्हणाला. "पुन्याचा शेट. एवढा शिकलेला मानूस, आन् डबाभर फोलपटं देऊन पाटवलानी."

दोघांना फार वाईट वाटलं. म्हातारपणी माणूस गावासाठी काही करायला जातो आणि त्याच्या गळ्यात पोचट बी मारतात. हे त्याला सांगायचं तर आजारपणात त्याचं मन मोडणार. न सांगावं तर राब मोकळा राहणार. सोनुबाईंनी फोलपटं कोंबड्यांपुढे टाकली आणि कणगीतलं घरचं बेण्याचं भात काढलं. या वर्षी स्वतःच्या शेतासाठी ठेवलेल्या बियाण्यापैकी निम्मं त्या दोघांनी त्या अर्ध्या चंद्रात मुठीमुठीने फोकलं, वरून नदीचं पाणी शिंपलं, आणि भाऊंच्या कानावर यातलं अक्षर घालायचं नाही असं ठरवलं. गावाला मात्र संध्याकाळपर्यंत कळलं. गावही भाऊंच्या मनाला जपायचं म्हणून गप्प राहिलं.

पाचव्या दिवशी कोंब वर आले. दहाव्या दिवशी आजूबाजूला सगळा वैशाख रखरखत असताना काठावर असा हिरवागार अर्धचंद्र उमटला की येणारा-जाणारा थांबू लागला. आणि दिगंबरराव रोज पहाटे उठून, कोट घालून, काठी घेऊन तिथे जाऊन बाकड्यावर बसू लागले.

नुसते बसले असते तरी बिघडलं नसतं. पण ते बोलू लागले. ते धुणं धुणाऱ्या बायकांना सांगत की हा रंग पाहा, असा हिरवा रंग आपल्याकडच्या गवताला येतच नाही. ते कुळवाड्यांना सांगत की तुम्ही लोक नुसतं भात भात करता, जरा जगात काय काय उगवतं तेही बघा. कुळवाडी माना हलवीत. एकदा तर त्यांनी पदूलाच पाऊण तास उभं करून विलायती गवताची जात कशी ओळखावी ते समजावलं. पान हातात धरून त्यांनी त्याची शीर दाखवली आणि म्हणाले, "ही बारीक धार बघितलीस? ही इंग्रजी गवताची खूण."

"व्हय, भाऊ," पदू म्हणाला. त्याने ती धार जन्मल्यापासून पाहिली होती.

मोळी टेकवायला थांबलेली ठकी ठाकरीण एवढी भिडस्त नव्हती. तिने वाकून दोन पाती उपटली, वास घेतला, आणि हे तर आमी खातो त्येच हाय, असं सरळ म्हणाली. दिगंबररावांनी हसून तिला समजावलं की जंगलातल्या माणसाला सगळं गवत सारखंच दिसायचं. सोनुबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. ठकीने एकदा दिगंबररावांकडे, एकदा बायकांकडे पाहिलं आणि मोळी उचलून चालू लागली. वळणापर्यंत तिचे खांदे हलत होते. उताराने हलत असावेत असं दिगंबररावांना वाटलं.

फक्त एका माणसाने त्यांना मनापासून दाद दिली, ते महालकरी. ते बार्शीकडचे, ज्वारीच्या मुलखातले. त्यांनी जोडे काढून बांधावर उभं राहून ती हिरवळ डोळे भरून पाहिली आणि असं गवत आपण फक्त कलेक्टरांच्या बंगल्यात पाहिलं होतं असं सांगितलं. त्यांनी तसा अहवालही वर पाठवला. त्या अहवालात दिगंबररावांचं नाव होतं. त्या रात्री दिगंबररावांना आनंदाने जेवण गेलं नाही. चंद्राबाईंनी पानातला भात काढून ठेवला.

प्रांतसाहेब मृगाच्या आधी येणार होते. पण माथेरानला त्यांच्या मडमेचा घोड्यावरून उतरताना पाय मुरगळला आणि साहेबांचा मुक्काम तीन आठवड्यांनी लांबला. तोवर पाऊस लागला. हिरवळ वीतभर होती ती हातभर झाली आणि वाऱ्यावर लाटा मारू लागली. एवढं उंच गवत साहेबाला चालणार नाही हे दिगंबररावांना माहीत होतं. त्यांनी शिंप्याकडून मोठी कात्री मागून आणली.

पदू बातमी ऐकून धावतच आला. कात्री पाहून त्याचा चेहरा उतरला. गेल्या आठवड्यात ओहोळाला लोंढा आला होता आणि घराजवळच्या राबात टाकलेलं त्याचं उरलेलं निम्मं रोप वाहून गेलं होतं. आता त्याच्या शेताला लावायला जगात एकच रोप उरलं होतं, ते या अर्ध्या चंद्रातलं. ते वेळेवर निघालं नाही तर वर्षभर घरात खायला काही नव्हतं.

"भाऊ, कापू नका," तो म्हणाला. "यवडं ऐका माजं. आनी... ह्ये काढायचं कदी?"

"काढायचं?" दिगंबरराव म्हणाले. "अरे, हे शंभर वर्षं काढायचं नाही. तुझी नातवंडं यावर बसतील."

समोर कोट घातलेला म्हातारा माणूस कात्री हातात घेऊन इतका सुखात उभा होता की त्याला खरं सांगायची पदूची हिंमत झाली नाही. साहेब कधी यायचे, एवढंच त्याने विचारलं. दिगंबररावांनी सांगितलं की सोमवारी. निदान सोमवारपर्यंत कात्री लावू नका, पावसात पानं पिवळी पडतात, असं काहीतरी सांगून पदूने ती वेळ मारून नेली. घरी जाऊन त्याने सोनुबाईंशी हिशेब केला. सोमवारी साहेब बघून जाणार, मंगळवारी सावड बोलवायची, रोप काढायचं, आणि मग भाऊंच्या पायावर डोकं ठेवून काय ते सांगायचं. शेतात चिखल तयार होता. एक दिवस इकडेतिकडे चालला असता.

सोमवारी साहेब आले नाहीत. चौक गावाहून निरोप आला की ओढ्याला पाणी आहे, साहेब ओसरल्यावर येतील, कधी ते सांगता येत नाही. मंगळवारी सावड ठरलेली होती. सावड म्हणजे आज आम्ही तुझ्या शेतात, उद्या तू आमच्या शेतात. एकदा दिवस चुकला की आठ दिवस माणूस मिळत नाही, आणि आठ दिवसांनी ते रोप लावणीच्या कामाचं राहिलं नसतं. पदूने डोक्याला हात लावला आणि मंगळवारी उजाडताच बायकांना काठावर घेऊन गेला.

मंगळवारी सकाळी दहा वाजता प्रांतसाहेब खालापुरात हजर झाले.

महालकरी त्यांना घेऊन काठाकडे निघाले. पुढे दिगंबरराव, काखेत मेणकापडात गुंडाळलेला निळा नकाशा. त्यांनी वाटेत साहेबांना हिरवळीविषयी सगळं सांगितलं. बी कुठून आणलं, कसं पेरलं, रंग कसा आला. साहेब तरुण होते, जरा पुस्तकी पण बरं मराठी बोलत. ते मधून मधून 'असं का' म्हणत होते. करंजाच्या पाराला वळसा घालून मंडळी काठावर आली.

इरली पाठीवर घेतलेल्या दहा-बारा बायका अर्ध्या चंद्रात ओळीने वाकून उभ्या होत्या आणि हिरवळ उपटत होत्या. चारातले तीन हिस्से काढून झाली होती. तिथे नुसता चिखल होता. उपटलेल्या हिरवळीच्या जुड्या बांधून त्यांनी नमुन्याच्या बाकड्यावर रचल्या होत्या. बाकडं दिसत नव्हतं.

"सोनुबाई," दिगंबरराव म्हणाले. "हे काय चाललंय?"

सगळ्या बायका उभ्या राहिल्या. मग पदू चिखलातून पुढे आला.

"भाऊ, चुकी माजी हाय," तो म्हणाला. "तुमचं बी पोचट निघालं. पान्यात घातलं तर येक दाना बुडला नाय. मंग घरचं टाकलं. तुमाला वाईट वाटंल म्हनून सांगितलं नाय."

साहेबांनी वाकून एक जुडी उचलली आणि उलटीपालटी करून पाहिली. त्यांनी कुलाबा जिल्ह्यात तीन पावसाळे काढले होते. "हे भाताचं रोप आहे, नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब, विलायती..." महालकरी म्हणाले, आणि थांबले. मग ते दिगंबररावांकडे पाहू लागले. साहेबही पाहू लागले. बायका, पदू, पलीकडच्या धोंड्याला मोळी टेकवून उभी असलेली ठकी, आणि बातमी कळून येऊन ठाकलेले लडकूशेट, सगळेच पाहू लागले.

दिगंबररावांच्या जिभेवर एक उत्तर तयार होतं. ते असं की, हो साहेब, भातच आहे, गावासाठी सार्वजनिक राब करायची ही माझीच योजना. पदूने त्याला दुजोरा दिला असता. सगळ्या गावाने दिला असता. कचेरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस अशी उत्तरं झोपेतसुद्धा देतो. दिगंबररावांनी पदूच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले... पण आता दिगंबरराव दिगंबरराव करण्यात काय अर्थ आहे. मी म्हणालो:

"साहेब, हे भात आहे हे या गावात मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं."

महालकऱ्यांनी घसा खाकरला. "मलाही नव्हतं," ते हळूच म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला जन्मभर मानत आलो आहे.

इथवर मी दिगंबररावांच्या आड लपून बसलो होतो. स्वतःची फजिती स्वतःच्या नावाने सांगायला फार छाती लागते, आणि दुसऱ्याची म्हणून सांगायला कशी मजा येते ते तुम्ही पाहिलंच. त्यात एक सोयही होती, बायकोचं नाव खुशाल घेता येत होतं. आता ती सोय गेली. आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत, तेव्हा यापुढे ती नुसती 'आमच्या घरातून'.

साहेब हसले नाहीत. त्यांनी बाकड्यावरच्या जुड्या बाजूला करायला लावून तिथे बसून घेतलं आणि या जागेवर कोण कोण काय काय करतं ते विचारलं. लडकूशेट पुढे होऊन वखारीबद्दल बोलायला लागले, त्यांना साहेबांनी थांबवलं. सोनुबाईंनी धुण्याचे दगड दाखवले. कुणी गुरांची वाट दाखवली. ठकीला विचारल्यावर तिने तिचा धोंडा दाखवला आणि जाता जाता, ह्या भाऊचा गवत लय चांगला हुता, असंही सांगितलं. साहेबांनी सगळं वहीत लिहून घेतलं. माझा नकाशा त्यांनी मेणकापडातून काढायलाही सांगितला नाही.

ते गेल्यावर मी कोट काढून बाकड्यावर ठेवला आणि राबात उतरलो. चौथा हिस्सा अजून उभा होता. पाच मिनिटांत सोनुबाईंनी मला बाहेर काढलं. मुळं तोडताय, म्हणाल्या, आन् आमचं लक्ष तुमच्याकडंच जातंय. मग मी जुड्या मोजत बसलो. ते मला जमलं.

आषाढाच्या अखेरीस हुकूम आला. महालकऱ्यांनी तो देवळात वाचून दाखवला. सदर नदीकाठ हा गावाच्या सार्वजनिक उपयोगात आहे, धुणं, गुरं, मोळीविक्या बायकांचा विसावा आणि राब या कामी. सबब वखारीचा अर्ज नामंजूर. उद्यानाचा त्यात शब्द नव्हता. गुप्ते नावाचाही नव्हता. शेवटी एक ओळ होती. अर्धचंद्राकृती राबाची जागा आहे त्या हद्दीनिशी कायम राखावी. लोकांनी ती ऐकली न ऐकली. मी महालकऱ्यांना ती पुन्हा वाचायला सांगितली.

आता दर वर्षी ज्याचं रोप कुजेल, वाहून जाईल, तो तिथे राब भाजतो. अगदी गोलाईच्या आतच भाजतो, कारण तसा हुकूम आहे. गाव त्याला गुप्त्यांचा राब म्हणतं. मी मनात धरलं होतं ते नाव दिगंबर उद्यान असं होतं, हे इथे पहिल्यांदाच सांगतो आहे.

कार्तिकात पदू नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आला. भाऊ, तुमच्या विलायती गवताचं हाय, म्हणाला. आमच्या घरातून त्याला चहा झाला आणि दुपारी त्याच तांदळाचा भात झाला. नवा तांदूळ, जरा चिकट.

"गवत वाढू आणखी?" घरातून विचारणा झाली.

मी मान हलवली. थोड्या वेळाने मला राहवेना. तिला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"कोंब आले त्याच दिवशी. पाणी द्यायला गेले होते सोनुबाईंबरोबर. मी कडावची, भाताच्या गावातली आहे, विसरलात वाटतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने वाडगं खाली ठेवलं. "पेन्शनीत आल्यापासून तुम्ही नऊच्या आत उठत नव्हता," ती म्हणाली. "त्या दोन महिन्यांत रोज पहाटे उठून कोट घालत होता. मी म्हटलं, गवत तर गवत."

जेवण झाल्यावर मी फळीवरचा निळा नकाशा काढून माजघरात पसरला. अर्धचंद्रात 'हिरवळ' असं लिहिलं होतं, ते खोडून पांढऱ्या शाईने 'राब' लिहिलं. वाटा, बाकं, पायऱ्या यांच्यावर काट मारली. एवढं झाल्यावर नकाशात एकच रेघ उरली, ती गोलाईची. मग खाली उजव्या कोपऱ्यात सही करायला वाकलो, तर कागद पुन्हा पुन्हा गुंडाळला जायला लागला. मी कोपरा धरून तसाच थांबलो. ती स्वयंपाकघरातून आली आणि वरवंटा आणून कोपऱ्यावर ठेवला.